दाहदर्शक रक्तचाचण्या

दाहदर्शक रक्तचाचण्या म्हणजे शरीरात कोठे दाहयुक्त सूज (शोथ) चालू आहे काय, आणि असल्यास ती वाढत आहे की ओसरत आहे, याचा अंदाज रक्तावरून घेणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचण्या होत. तांबड्या पेशींचा अवसादन दर (ईएसआर) आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) या दोन चाचण्या सर्वाधिक वापरात आहेत. प्रसंगानुसार फेरिटिन, प्रोकॅल्सिटोनिन व इंटरल्युकिन-६ यांचेही मापन केले जाते. यांपैकी कोणत्याही चाचणीला रोगाचे नाव सांगता येत नाही. घराच्या कौलांवरून धूर निघताना दिसावा, पण आत चूल पेटली आहे की घरच पेटले आहे हे बाहेरून कळू नये, तशी या चाचण्यांची स्थिती असते. त्यामुळे त्यांचा आकडा रुग्णाची लक्षणे, वय, काम आणि इतर तपासण्या यांच्याबरोबरच वाचावा लागतो. तो एकटा वाचल्याने नको ते औषध सुरू होण्याचे किंवा हवे ते औषध लांबण्याचे प्रसंग घडतात.

दाह आणि यकृताचा प्रतिसाद

इजा, जंतुसंसर्ग किंवा स्वतःच्याच ऊतींविरुद्ध चाललेली प्रतिकारक्रिया यांमुळे शरीरात जी संरक्षक प्रतिक्रिया उमटते तिला दाह किंवा शोथ म्हणतात. लाली, सूज, उष्णता व वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून, कच्च्या शोथावर शस्त्र चालविणारा आणि पिकलेल्या शोथाची उपेक्षा करणारा अशा दोन्ही वैद्यांना तेथे दोष दिला आहे. दाह आहे एवढे ओळखून भागत नाही, तो कोणत्या टप्प्यावर आहे हेही ओळखावे लागते, हा विचार आजच्या चाचण्यांनाही लागू पडतो.

त्वचेवरील गळू डोळ्यांना दिसते. फुप्फुसातला, सांध्यातला किंवा पोटातला दाह दिसत नाही. मात्र दाहाच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ यासारखी संदेशवाहक द्रव्ये रक्तात सोडतात. ती यकृतापर्यंत पोचली की यकृत काही प्रथिने नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात तयार करू लागते. त्यांना तीव्रावस्था प्रथिने म्हणतात. सीआरपी, फायब्रिनोजेन व फेरिटिन ही त्यांतील महत्त्वाची होत. याच वेळी अल्ब्युमिनची निर्मिती मंदावते. दाहदर्शक चाचण्या मोजतात तो दाह नसून दाहाला यकृताने दिलेला हा प्रतिसाद असतो. म्हणूनच यकृत फार निकामी झालेल्या रुग्णात गंभीर संसर्ग असूनही सीआरपी अपेक्षेएवढा वाढत नाही.

ईएसआर

गोठू न दिलेले रक्त उभ्या नळीत ठेवले असता तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात व वर पिवळसर द्रव उरतो. एका तासात पेशींचा थर किती मिलिमीटर खाली उतरला, तो आकडा म्हणजे ईएसआर. निरोगी रक्तात पेशींच्या पृष्ठभागावरील ऋण विद्युत्भारामुळे त्या एकमेकींपासून दूर राहतात व सावकाश बसतात. फायब्रिनोजेन किंवा प्रतिपिंड-प्रथिने वाढली की हे परस्परांना दूर ठेवणे कमी पडते आणि पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींवर रचल्या जातात. चळत एकट्या पेशीपेक्षा वेगाने बसते. पेणच्या गणपती कारखान्यांत शाडूची माती पाण्यात कालवणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही: जाड कण व गोळे आधी तळ गाठतात आणि बारीक माती पाणी गढूळ करीत बराच वेळ तरंगत राहते.

या निरीक्षणाचा वैद्यकीय उपयोग पोलिश डॉक्टर एडमुंड बिएर्नाट्स्की यांनी १८९७ मध्ये मांडला. स्वीडनमधील रॉबिन फोरेउस यांना १९१८ च्या सुमारास गर्भवती स्त्रियांचे रक्त इतरांपेक्षा लवकर बसते असे आढळले, आणि ही गर्भधारणेची चाचणी ठरू शकेल काय याचा ते विचार करीत होते. तसे झाले नाही, कारण इतर अनेक अवस्थांतही रक्त तसेच वागते. आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये क्षयरुग्णांवरील अभ्यासातून या चाचणीची पद्धत निश्चित केली. आजही वेस्टरग्रेन पद्धतच प्रमाण मानली जाते.

क्षयाशी असलेल्या या जुन्या नात्यामुळे ईएसआर वाढला म्हणजे टीबी, अशी समजूत आपल्याकडे फार काळ रुजलेली आहे. ती चुकीची आहे. क्षयात ईएसआर बहुधा वाढतो हे खरे, परंतु काही रुग्णांत तो वाढलेला नसतो, आणि संधिवातापासून दातांच्या मुळातील पुवापर्यंत अनेक कारणांनी तो वाढतो. क्षयाचे निदान थुंकीच्या तपासणीवर, विशेषतः सीबीनॅट यासारख्या जनुकीय चाचणीवर होते. केवळ ईएसआर पाहून सहा महिन्यांची औषधे सुरू करणे अशास्त्रीय ठरते.

वयानुसार ईएसआरची मर्यादा वाढत जाते. पुरुषांसाठी वयाच्या निम्मे आणि स्त्रियांसाठी वयात १० मिळवून त्याच्या निम्मे, असा एक सोपा हिशेब डॉक्टर वापरतात. त्यानुसार साठ वर्षांच्या स्त्रीचा ३५ हा आकडा मर्यादेतच मोडतो, जरी छापील अहवालात त्याच्यापुढे ठळक खूण असली तरी. ताशी १०० मिलिमीटरहून अधिक ईएसआर मात्र सहसा निष्कारण नसतो. अशा वेळी खोलवरचा संसर्ग, रक्तवाहिन्यांचा दाह किंवा मल्टिपल मायलोमासारखा कर्करोग शोधावा लागतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अडथळा रक्तक्षयाचा आहे. तांबड्या पेशी कमी असल्या की त्या लवकर बसतात, म्हणजे दाह नसतानाही ईएसआर वाढतो. २०१९–२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत ईएसआरचा अहवाल हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी ठेवल्याखेरीज वाचताच येणार नाही, असा याचा अर्थ होतो. सांधे दुखतात म्हणून तपासणीला आलेल्या एखाद्या स्त्रीचा ईएसआर वाढलेला निघतो, ती महिनोन्‌महिने संधिवाताच्या धास्तीत राहते, आणि मूळ दुखणे लोहाच्या कमतरतेचे असते, असे होऊ शकते. याच्या उलट सिकलसेल आजारात कोयत्याच्या आकाराच्या पेशींची चळत रचली जात नाही, त्यामुळे संसर्ग असूनही ईएसआर कमी राहतो. नंदुरबार व गडचिरोलीसारख्या ज्या जिल्ह्यांत हा आजार अधिक आहे, तेथे कमी ईएसआरवर विसंबणे धोक्याचे असते.

नमुन्याचा प्रवास

ईएसआर ही यंत्राशिवाय होणारी, स्वस्त चाचणी असली तरी ती नाजूक आहे. नळी किंचित कलली तरी पेशी काचेवरून घसरून लवकर खाली येतात व आकडा फुगतो. खोलीचे तापमान वाढले तरी आकडा वाढतो. रक्त तसेच ठेवून दिले तर पेशींचा आकार बदलून आकडा उतरतो. म्हणून साध्या तापमानात ठेवलेल्या नमुन्याची चाचणी रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत व्हावी असा संकेत आहे.

रायगड जिल्ह्याच्या पेण व रोहा तालुक्यांच्या परिसरातील गावांचा विचार केला की या नियमाचे महत्त्व कळते. पनवेल–रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान असलेल्या कासूसारख्या गावी सकाळी काढलेला नमुना पेणला किंवा त्याहून दूरच्या प्रयोगशाळेत जाणार असेल, तर गाडीची वेळ, महामार्गावरील खोळंबा आणि कोकणातला उकाडा ही सारी त्या नळीतील रक्ताच्या वाट्याला येतात. उकाडा आकडा वाढवितो आणि विलंब तो कमी करतो. दोन्ही चुका एकमेकींना झाकून टाकतील अशी हमी नसते. सीआरपीचे तसे नाही. तो रक्तद्रवात मोजला जातो आणि रक्तद्रव वेगळा करून थंड ठेवल्यास काही दिवस टिकतो. नमुना लांब पाठवायचा असेल तेथे सीआरपी अधिक भरवशाचा ठरतो, तो याच कारणाने.

महाराष्ट्रात सरकारी आरोग्य केंद्रे व रुग्णालये येथील रुग्णांच्या रक्ताच्या अनेक तपासण्या ‘महालॅब’ योजनेखाली विनामूल्य होतात. यातही नमुने एका ठिकाणी गोळा करून दुसऱ्या ठिकाणी तपासले जात असल्याने रक्त काढल्याची वेळ नळीवर लिहिलेली असणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

सीआरपी

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस हे न्युमोनियाच्या रुग्णांचा अभ्यास करीत होते. न्युमोकॉकस जंतूपासून वेगळ्या केलेल्या ‘सी’ नावाच्या शर्करायुक्त अंशाशी या रुग्णांच्या रक्तातील एक द्रव्य संयोग पावते आणि रुग्ण बरा झाला की ते द्रव्य नाहीसे होते, असे त्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केले. ‘सी’शी प्रतिक्रिया करणारे प्रथिन म्हणून त्याचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन पडले. पुढे ते इतर जंतूंच्या संसर्गांत आणि जंतूंचा संबंध नसलेल्या आजारांतही सापडले. हे प्रथिन जंतूंच्या व मृत पेशींच्या पृष्ठभागाला चिकटते आणि भक्षक पेशींना त्यांचा माग दाखविते.

सीआरपीचे वैशिष्ट्य त्याच्या वेगात आहे. दाह सुरू झाल्यावर सुमारे सहा ते बारा तासांत तो वाढू लागतो, दोन दिवसांच्या आसपास कमाल पातळी गाठतो, आणि कारण दूर झाले की सुमारे १९ तासांत निम्मा होतो. ईएसआर ज्यावर अवलंबून असतो ते फायब्रिनोजेन रक्तात काही दिवस टिकते. त्यामुळे रुग्ण बरा होऊन कामाला लागला तरी ईएसआर आठवडेच्या आठवडे चढाच राहू शकतो. औषध लागू पडते आहे काय हे दोन-तीन दिवसांत जाणून घ्यायचे असेल तर सीआरपी, आणि दीर्घ आजाराचा कल पाहायचा असेल तर ईएसआर, अशी साधारण विभागणी यातून झाली आहे. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी वाढणे स्वाभाविक असते. तिसऱ्या दिवसानंतर तो उतरण्याऐवजी पुन्हा चढू लागला तर जखमेत किंवा पोटात संसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक अधिक बोलका असतो, आणि सीआरपीच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

दोन्ही चाचण्या नेहमी एकमेकींशी जुळतातच असे नाही. ल्युपस या स्वप्रतिकार आजारात ईएसआर पुष्कळ वाढलेला आणि सीआरपी जवळपास सामान्य, असे चित्र अनेकदा दिसते. अशा रुग्णाचा सीआरपी अचानक खूप वाढला तर आजार बळावण्यापेक्षा संसर्गाचाच विचार आधी केला जातो.

अहवाल वाचताना एककाकडे पाहणे अत्यावश्यक आहे. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटर, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात देतात. यांत दहापटीचे अंतर आहे: एका अहवालातील ४.८ आणि दुसऱ्यातील ४८ ही पातळी एकच असू शकते. बहुतेक ठिकाणी ५ ते १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आतील आकडा सामान्य धरतात. लहान प्रयोगशाळांत अजूनही लेटेक्स कणांची चाचणी वापरतात. तीत साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर ‘पॉझिटिव्ह’ एवढेच उत्तर मिळते. किरकोळ सर्दीचा रुग्ण आणि रक्तात विषबाधा झालेला रुग्ण, दोघेही त्यात ‘पॉझिटिव्ह’च.

हृदयविकाराचा धोका अजमावण्यासाठी सीआरपी अतिसंवेदनशील पद्धतीने मोजतात (एचएस-सीआरपी). तीत १ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी पातळी कमी धोक्याची व ३ पेक्षा अधिक पातळी जास्त धोक्याची मानली जाते. ताप, खोकला किंवा दातदुखी चालू असताना ही चाचणी करून घेण्यात अर्थ नसतो.

लावणीच्या दिवसांतील ताप

जीवाणूंच्या संसर्गात सीआरपी सहसा जास्त आणि विषाणूंच्या संसर्गात कमी वाढतो. या फरकाचा उपयोग अनावश्यक प्रतिजैविके टाळण्यासाठी करता येतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१४ मध्ये खोकला व छातीच्या संसर्गाच्या रुग्णांसाठी असा संकेत दिला होता: न्युमोनियाचे निदान स्पष्ट नसेल आणि सीआरपी २० च्या खाली असेल तर प्रतिजैविक देऊ नये, १०० च्या वर असेल तर द्यावे, आणि मधल्या पातळीला थांबून पाहण्याचा पर्याय ठेवावा.

हा संकेत जसाच्या तसा कोकणात आणता येत नाही. पावसाळ्यात येथे तापाची अनेक कारणे एकाच वेळी हजर असतात. हिवताप हा परजीवीमुळे होतो, जीवाणूमुळे नव्हे, तरी त्यात सीआरपी खूप वाढतो. डेंग्यूत तो साधारणतः मर्यादित राहतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये तो पुष्कळ वाढू शकतो. भातखाचरातील पाण्यात उंदीर-घुशींच्या व जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा जंतू मिसळतात आणि लावणी करणाऱ्यांच्या पायांवरील जखमा-भेगांतून शरीरात शिरतात. शहरही यापासून मुक्त नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाचे अनेक रुग्ण आढळले होते.

अशा रुग्णाच्या बाबतीत सीआरपीचा आकडा हिवताप की लेप्टो हे ठरवू शकत नाही. ते रक्ताच्या काचपट्टीवरून किंवा जलद चाचणीवरून, प्रतिपिंडांच्या चाचणीवरून, प्लेटलेट, बिलिरुबिन व क्रिएटिनिन यांच्या पातळीवरून ठरते. त्याआधी, आणि पुष्कळदा त्याहून महत्त्वाचे, म्हणजे रुग्ण चिखलात उतरला होता काय, डोळे लाल आहेत काय, पोटऱ्या दाबल्यावर फार दुखतात काय, लघवी कमी झाली आहे काय, हे प्रश्न. लेप्टोस्पायरोसिसचा संशय सबळ असेल तर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन गटातील औषध अहवालाची वाट न पाहता सुरू करतात, कारण मूत्रपिंडे व फुप्फुसे यांवर परिणाम होऊ लागल्यावर फार वेळ हाती उरत नाही. पहिल्या दिवशी केलेला सीआरपी कमी आला म्हणून रुग्णाला निर्धास्त घरी पाठविणे ही या हंगामातील धोकादायक चूक होय.

कोविड-१९ चा अनुभव

सीआरपी हा शब्द मराठी घरांत खऱ्या अर्थाने पोचला तो २०२०–२१ मध्ये. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, इंटरल्युकिन-६ असा चाचण्यांचा संचच तेव्हा सांगितला जाई. या चाचण्यांना शास्त्रीय आधार होता. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत टोसिलिझुमॅब हे इंटरल्युकिन-६ ला रोखणारे औषध ज्यांना दिले गेले, त्या रुग्णांची निवड रक्तातील ऑक्सिजनची घट आणि सीआरपी ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर किंवा अधिक, अशा दोन्ही निकषांवर झाली होती. त्याच चाचणीने जून २०२० मध्ये दाखविले होते की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा लाभ ऑक्सिजनची गरज असलेल्यांना होतो. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना तो होत नाही.

व्यवहारात मात्र ऑक्सिजनचा निकष बाजूला पडून आकडा तेवढा उरला. सौम्य आजारातही सीआरपी थोडा वाढलेला दिसताच स्टिरॉइड सुरू करण्याचे प्रकार देशभर झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला, की ऑक्सिजनची पातळी चांगली असलेल्या सौम्य रुग्णांनी या चाचण्या करून घेण्याची गरज नाही आणि स्टिरॉइड लवकर घेतल्यास विषाणूला अधिक वाव मिळतो. त्याच महिन्यात म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य रोग साथरोग कायद्याखाली अधिसूचित करावा, असे केंद्र सरकारने राज्यांना कळविले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेकी वापर ही त्याची प्रमुख कारणे मानली गेली, आणि महाराष्ट्र हे सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांपैकी एक होते. कित्येकांना डोळा किंवा जबड्याचा भाग गमवावा लागला. या हानीचा सारा दोष चाचणीवर टाकणे योग्य नव्हे. चाचणीने विचारला नव्हता त्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून घेतले गेले.

फेरिटिन व प्रोकॅल्सिटोनिन

फेरिटिन हा एरवी शरीरातील लोहसाठ्याचा निर्देशक आहे. दाहात तो वाढतो, त्यामुळे लोहाची खरी कमतरता झाकली जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी दोन मर्यादा दिल्या आहेत: निरोगी व्यक्तीत १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरखाली आणि संसर्ग किंवा दाह असलेल्या व्यक्तीत ७० खाली लोहाची कमतरता समजावी. भारताच्या २०१६–१८ मधील सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांच्या फेरिटिनबरोबर सीआरपीही मोजला गेला, तो याच अडचणीमुळे.

प्रोकॅल्सिटोनिन हे एरवी थायरॉइड ग्रंथीत तयार होणारे एका संप्रेरकाचे पूर्वरूप होय. जीवाणूंच्या गंभीर संसर्गात इतर ऊतीही ते निर्माण करतात, हे १९९३ पासून ज्ञात आहे. अतिदक्षता विभागात प्रतिजैविके केव्हा थांबवावीत हे ठरविण्यास त्याची मदत होते. किंमत अधिक असल्याने तालुका पातळीवर त्याचा वापर कमी आहे.

नवजात अर्भके

नवजात बाळाच्या जंतुदोषात सीआरपीचा उपयोग मुख्यतः शंका दूर करण्यासाठी होतो. चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांत तो वाढला नसेल तर जंतुदोष नसण्याचा संभव बळावतो व प्रतिजैविके लवकर थांबविता येतात. आजाराच्या पहिल्या काही तासांत मात्र तो सामान्य असू शकतो, आणि बाळाच्या बाबतीत तेच तास निर्णायक असतात.

प्रयोगशाळा जवळ नसेल तेथे काय करता येते, याचे महाराष्ट्रातील उदाहरण जगभर अभ्यासले गेले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९० च्या दशकात नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. प्रशिक्षित गावकरी स्त्रिया बाळाचे रडणे क्षीण झाले आहे काय, त्याने दूध ओढणे कमी केले आहे काय, ते सुस्त पडले आहे काय, अंग थंड किंवा तापलेले आहे काय, छाती आत ओढली जाते काय, अशी चिन्हे पाहून जंतुदोष ओळखीत. रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेव्हा त्या स्वतः जेंटामायसिनचे इंजेक्शन व को-ट्रायमोक्साझोल देत. रक्ताची कोणतीही चाचणी त्यात नव्हती. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.